एक टेबल, एक प्लग आणि दोन छंद

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. गेल्या भाऊबीजेला भावाने मला ओटीजी ओव्हन दिला. वयाच्या ४६व्या वर्षी मी केक शिकते आहे आणि मला ते मनापासून आवडतंय. ओट्यावर जागा नाही म्हणून ओव्हन बाहेरच्या खोलीत मुलाच्या टेबलाच्या कडेला ठेवलाय. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने स्वतः साठवलेल्या पैशांतून गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडून घेतलाय. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत. मी ओव्हन लावला की मधेच त्याचा कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू होतो. तो म्हणतो, तुझ्या मैद्याने माझी मशीन गेली. त्याच्या कंट्रोलरची स्टिक न हलवता खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालायला लागतो, तेही खापर मैद्यावरच. माझा केक चारातले तीन वेळा मधे बसतो. मुलाचे बाबा म्हणतात, एकाने पीठ उडवायचं, दुसऱ्याने बटणं बडवायची, याला छंद नाही, व्यसन म्हणतात. दोन्हीतलं एक विकून टाका. कोणी काय सोडायचं, तुम्हीच सांगा.

उत्तर:

ताई, कोणी काही सोडायचं नाही. पण आज रात्रीच एक काम करा. तो ओव्हन एक्स्टेंशन बोर्डवरून काढा. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

ओव्हनच्या पाठीवर एक पट्टी असते, तिच्यावर वॉट लिहिलेले असतात. घरगुती ओटीजी साधारण १२०० ते २००० वॉटचे असतात. तुमचा १६०० वॉटचा धरला तर २३० व्होल्टला तो ७ अँपिअर ओढतो. भिंतीतला साधा, बारीक भोकांचा प्लग ६ अँपिअरचा. त्याच बोर्डवर मुलाचा कॉम्प्युटर, त्याचा पडदा, कदाचित मोबाइलचा चार्जर. आणि माझा अंदाज आहे की ओव्हनची जाड पिन त्या बोर्डात जात नव्हती, म्हणून तुम्ही मधे ती पांढरी कन्व्हर्टर पिन लावली असणार. जवळजवळ प्रत्येक घरात ती लावतात.

मीही लावली होती. नानकटाईचा दुसरा घाणा आत होता. खोलीत कुजक्या मासळीसारखा वास यायला लागला. आमच्याकडे मासळी शिजत नाही, म्हणून मी आधी कचऱ्याच्या डब्यात डोकावले, मग खिडकीबाहेर. शेवटी प्लगकडे हात नेला तर पिनेचा चटका बसला. ओढून काढली तेव्हा भोकाभोवती तपकिरी कडा आलेली दिसली आणि पिनेचं एक पाऊल वितळून वाकडं झालेलं. वायरिंगमध्ये प्लास्टिक तापलं की असा मासळीचा वास येतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो वास तुम्हाला कधी आला तर शोधत बसू नका, आधी मेन स्विच बंद करा.

आता कॉम्प्युटर का बंद पडतो ते बघा. ओव्हन सतत वीज ओढत नाही. आतला थर्मोस्टॅट कांडी तापवतो, हवं तेवढं तापमान आलं की टक् करून बंद करतो, थंड व्हायला लागलं की पुन्हा टक् करून चालू. ज्या क्षणी कांडी चालू होते त्या क्षणी बारीक वायरीतून आणि सैल जोडातून एकदम मोठा प्रवाह जातो आणि त्या बोर्डवरचं व्होल्टेज खाली येतं. कॉम्प्युटरला ते झेपत नाही, तो स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो. मुलाला सांगा, एकदा खेळ बाजूला ठेवून ओव्हनच्या लाल दिव्याकडे बघत बस. दिवा लागण्याच्या वेळीच पडदा काळा होत असेल तर मैद्याची सुटका झाली.

इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि ओव्हनसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. मेन बोर्डापासून थेट, अडीच किंवा चार एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग. अर्थिंग तपासल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. तोवर वॉशिंग मशिनचा मोठा प्लग असेल तर ओव्हन कोरड्या जागी, एका घट्ट स्टुलावर, तिथे न्या. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. इन्व्हर्टरवर ओव्हन चुकूनही लावू नका.

तुमच्या केकचं अर्धं दुखणंही याच प्लगात आहे. व्होल्टेज उतरलं की कांडीची उष्णता नुसती त्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून जास्त उतरते. २३० चे २०० व्होल्ट झाले तर उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने घटते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळी गल्ली कूलर लावून बसते तेव्हा तुमचा ओव्हन १८० अंशांवर यायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो. तुम्ही मात्र पाककृतीत लिहिलंय म्हणून १० मिनिटांनी टिन आत सरकवता. केक वरून रंग धरतो, आत कच्चा राहतो, बाहेर काढला की बसतो. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. जाळीवर ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. त्याच्या सोबतीला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. या दोन वस्तूंपलीकडे सध्या एक रुपयाही खर्च करू नका, साचे, नोझल, रंग सगळं नंतर.

वजनकाटा का, तर कपाने मोजलेला मैदा कधी १२० ग्रॅम भरतो, कधी दाबून भरला तर १५० च्या वर जातो. भाकरीचं पीठ परातीत अंदाजाने घेऊन आयुष्य गेलं आपलं, आणि तिथे अंदाज चालतो, कारण पाणी हाताने जमवता येतं. केकचं मिश्रण एकदा टिनमध्ये ओतलं की हातात काही राहत नाही. बेकिंग पावडर १०० ग्रॅम मैद्याला सपाट एक चहाचा चमचा पुरे. जास्त घातली तर केक भरभर फुगतो आणि आतली जाळी पक्की होण्याआधीच खाली येतो. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली पाहिजे. आणि पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही वास सुटला तरी.

आता मैद्याबद्दल. तुमचा मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाही.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. आमच्या खोलीखाली यंत्रमाग होते, दिवसभर खडखडाट असायचा. माग थांबले की वडील घरी यायच्या आधी एक काम हमखास करायचे. हातात नरम कुंचा घेऊन ते मागाच्या प्रत्येक कोपऱ्यातली कापसाची तूस झाडून काढायचे. ती तूस राखाडी, मऊ, बोटाला लागली की चिकटणारी. तेल लागलेल्या जागी तिचे थर बसायचे आणि घट्ट नमद्यासारखे व्हायचे. मी विचारलं होतं, रोज कशाला, पुन्हा उद्या होणारच आहे. ते म्हणाले, आज राहिलेली उद्या निघत नाही. चादरीत गाठ आली की ती आडवा धागा नेणाऱ्या धोट्यामुळे आली असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा ती कालच्या तुसेमुळे आलेली असते.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. आत पंखे असतात, ते समोरून हवा ओढतात आणि मागून सोडतात. हवेबरोबर सोलापूरची काळ्या मातीची धूळ येते, चादर-टॉवेलची तूस येते आणि आता तुमचा मैदाही येतो. मैदा फार बारीक आणि हवेतला ओलावा धरणारा. ओव्हनची वाफ आणि लोण्याचा तेलकटपणा त्यात मिसळला की धातूच्या पंखांमध्ये त्याचा राब तयार होतो. मग उष्णता बाहेर पडत नाही. हवेने थंड होणारी कुठलीही मशीन खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. थंडीत खोली २५ अंशांवर असते, एप्रिलात ३८ वर जाते. आतलं सगळं आपसूकच १३ अंशांनी जास्त तापलेलं. त्यात धुळीचं पांघरूण.

म्हणून महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढून बाजूचं झाकण उघडायचं. मुलाने उघडायचं, तुम्ही शेजारी बसा. मऊ ब्रशने धूळ सैल करायची आणि हाताच्या ब्लोअरने गॅलरीत उडवायची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते वाऱ्याने भन्नाट फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते आणि तिचा एक ठिणगीभर धक्काही आतल्या चिपला पुरतो. पुढची जाळी काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. कॉम्प्युटरचा डबा फरशीवर असेल तर निदान एका पाटावर ठेवा. केर काढताना सगळी धूळ त्या उंचीवरूनच जाते.

आणि झाकायला टॉवेल टाकू नका. आपल्या गावाला टॉवेलचा अभिमान आहे, मलाही आहे, पण नव्या टॉवेलची लव सुटत राहते. जुन्या सुती साडीचा तुकडा बरा. तोही मशीन बंद असतानाच. चालू मशीनवर कापड म्हणजे तिचा श्वास कोंडणं.

कीबोर्डवर पीठ गेलं असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढा, मग बटणांच्या टोप्या काढून कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा. शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्याने करा. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग राहतात. सावलीत, पंख्याखाली एक अख्खा दिवस वाळवा. उन्हात ठेवलं तर फिकट प्लास्टिक पिवळं पडतं.

कंट्रोलरचा दोष मात्र मैद्याचा असेलच असं नाही. मुलं ज्याला ड्रिफ्ट म्हणतात तो बहुतेक वेळा झिजेचा आजार असतो. स्टिकच्या खाली दोन छोटे भाग असतात. स्टिक हलली की आतला एक बारीक पत्रा कार्बनच्या पट्टीवर घासत सरकतो आणि त्यावरून मशीनला कळतं की अंगठा कुठे आहे. हजारो वेळा घासून पट्टी झिजते, किंवा धूळ मधे येते. मग अंगठा नसतानाही मशीनला वाटतं की कोणीतरी स्टिक डावीकडे धरलीय.

क्रम असा ठेवा. आधी खेळाच्या सेटिंगमध्ये डेड झोन थोडा वाढवून बघा, म्हणजे स्टिकच्या मधली लहानशी हालचाल मशीन मोजणार नाही. भागलं तर काहीच उघडायचं नाही. नाही भागलं तर कंट्रोलर बंद करून स्टिकच्या बुंध्याशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा, स्टिक सगळीकडे वीस-पंचवीस वेळा गोल फिरवायची आणि अर्धा तास वाळू द्यायची. धूळ असेल तर एवढ्यात फरक पडतो. मिळेल तितकं शुद्ध घ्या, ९९ टक्क्यांचं उत्तम. घरात शिलाई मशिनचं तेल असेल तर ते मात्र लांब ठेवा. आपल्याकडे काहीही अडकलं की तेलाची बाटली काढतात. इथे तेल गेलं की त्यावर धूळ बसते आणि आठवड्यात आधीपेक्षा वाईट होतं.

पट्टीच झिजली असेल तर अल्कोहोलने चार दिवस बरं वाटेल आणि पुन्हा सुरू होईल. मग स्टिकचा भाग बदलावा लागतो. त्याला सोल्डरिंग लागतं, मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते करतो. नवा कंट्रोलर घ्यायची घाई करू नका. बदलायचाच असेल तर चुंबकावर चालणारी, हॉल इफेक्टची स्टिक मिळते का ते मुलाला बघू द्या. तिच्यात जागा ओळखणारा भाग कुठेही घासत नाही, म्हणून तशी झीज होत नाही. तो डिप्लोमा करतोय, त्याला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. आणि कंट्रोलर पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. आतल्या लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. बरेच दिवस वापर नसेल तर निम्म्या चार्जवर ठेवावी.

आता मुलाच्या बाबांच्या शब्दाबद्दल, कारण तो मला खटकला. व्यसन हा शब्द हलक्याने वापरायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ज्या यादीला २०१९ साली मान्यता मिळाली आणि जी २०२२ पासून लागू आहे, तिच्यात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या कामांआधी खेळ येतो, आणि नुकसान होताना दिसत असूनही तो थांबत नाही. हे साधारण वर्षभर चालू असावं लागतं आणि त्याने घर, शिक्षण, माणसं यांवर ठळक परिणाम झालेला असावा लागतो. तुमचा मुलगा कॉलेजला जातो, पैसे साठवतो, मशीन स्वतः जोडून घेतो, आईशी भांडतो. पत्रातून मला तरी आजार दिसत नाही. उद्या तो जेवण-झोप सोडून बसला, परीक्षा बुडवल्या, तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मी वेगळं सांगेन.

आणि तुम्ही. ४६व्या वर्षी काही नवीन शिकावंसं वाटणं, त्यात चुकणं आणि पुन्हा टिन घासून चौथ्यांदा बसणं, याला लाजायचं काय? केक आपला नव्हे असं कोणी म्हणालं तर त्यांच्यापुढे कडक भाकरी ठेवा. ज्वारीची पातळ भाकरी, पाणी पूर्ण उडेपर्यंत शेकून कुरकुरीत केलेली, कित्येक दिवस टिकणारी. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थही ‘दोनदा भाजलेलं’ असाच आहे. ओलावा काढून टिकवायची ही विद्या सोलापूरच्या बायकांना कोणी शिकवायला नको.

पण सध्या उन्हाळा आहे, म्हणून माझं ऐका, जूनपर्यंत लोण्याचा केक बाजूला ठेवा. पाककृतीत ‘मऊ लोणी’ म्हणतात ते २० अंशांच्या आसपासचं, बोट दाबलं तर खळगा पडेल पण चकाकणार नाही असं. साखरेबरोबर फेटताना त्यातच हवा अडकते. लोणी वितळलं की हवा धरत नाही. आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, लोणी तुमचं ऐकेल. एप्रिलात ऐकणार नाही. या दिवसांत तेलाचा केक करा किंवा नानकटाई. पाव करायचा झाला तर पीठ माठातल्या गार पाण्यात भिजवा आणि यीस्ट निम्मं घाला, नाहीतर पाऊण तासात पीठ फुगून आंबट होईल.

नानकटाईपासून सुरुवात करा, ती बसत नाही. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, घट्ट तूप ९० ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट मूठभर, चिमूटभर मीठ. ज्वारीत मैद्यासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तर भाकरीला आपण गरम पाणी घेतो आणि म्हणूनच नुसत्या ज्वारीचा केक तुटतो. पण नानकटाईला तोच भुसभुशीतपणा हवा असतो. तूप आणि साखर पांढरट होईपर्यंत फेटा, बाकीचं मिसळा, मळू नका. गोळे तळहाताने किंचित दाबा आणि १६० अंशांवर, थर्मामीटरच्या १६० अंशांवर, १८ ते २० मिनिटं ठेवा. बाहेर काढताना मऊ लागतील. कच्च्या राहिल्या म्हणून परत आत ढकलू नका, गार झाल्या की कडक होतात.

टेबलाचं मी असं सुचवेन. मुलगा रात्री खेळतो, पहाटे झोपलेला असतो. पहाटे साडेपाच ते साडेसात टेबल तुमचं. त्या वेळी व्होल्टेज भरलेलं असतं, हवा गार असते, तूपही जागेवर असतं. बसण्याआधी साडीचा तुकडा कॉम्प्युटरवर. मैदा वरून चाळू नका, चाळण भांड्याच्या पोटात धरा. आवरताना कोरड्या फडक्याने झटकायचं नाही, ओलं फडकं पिळून पुसायचं, म्हणजे पीठ हवेत उडतच नाही. साडेसातनंतर टेबल त्याचं, आणि तिथे चहाचा कप ठेवायचा नाही हे त्याने पाळायचं.

आणखी एक. पुढच्या वेळी तो झाकण उघडून बसला की ब्लोअर तुम्ही धरा, पातं त्याला धरू दे. आणि नानकटाईचं वजन त्याच्याकडून करून घ्या, आकड्यात तो तुमच्यापेक्षा काटेकोर निघेल असं मला वाटतं.

इलेक्ट्रिशियन येऊन गेला की ओव्हनचे वॉट आणि थर्मामीटरने दाखवलेला आकडा मला लिहून पाठवा. बटण १८० वर ठेवून पंधराव्या मिनिटाला किती अंश होते, तेवढंच. त्यावरून जानेवारीच्या केकची वेळ आपण ठरवू.